दम

खिडकीलगतची खाट एल्बिओची,
दाराकडची माझी.
मधे एक स्टूल, त्यावर मिर्नाची वही.
बाहेर उरुग्वाय नदी, मातकट, बिनघाईची.
माझी उजवी बाजू गेलीय, त्याची डावी;
दोघं मिळून एक धड माणूस, असं मिर्ना म्हणते
आणि स्वतःच हसते.

ती श्वास शिकवते.
या वयात!
सकाळी नऊला येते, नाकाला चिमटा लावते,
तोंडात नळकांडं देते आणि म्हणते, ओढा.
आत एक स्प्रिंग आहे, मोठी मानी.
पुरेसं ओढल्याशिवाय दार उघडत नाही.
येर्बाची नळी ओढत आयुष्य गेलं आमचं,
पण त्या नळीतून निदान काहीतरी कडू, गरम यायचं.
हिच्यातून फक्त हवा,
तीही मिनतवाऱ्या केल्यावर.

"बरगड्यांखाली एक पडदा असतो, डॉन वॉशिंग्टन.
तोही लंगडतोय, तुमच्या पायासारखाच.
पायाला काठी देता येते.
त्याला कुठून देऊ?"

सकाळी तीस, संध्याकाळी तीस.
एल्बिओचे मी मोजतो, पडल्यापडल्या.
अकराव्याला त्याचा ओठ डावीकडून सुटतो,
फुस्स.
मिर्ना अंगठ्यानं तो कोपरा दाबून धरते,
फुटक्या पाइपाला धरावा तसा.
बाराव्याला त्याच्या मानेच्या शिरा उभ्या राहतात.
त्या शिरा मी ओळखतो.

हे मी मिर्नाला सांगितलेलं नाही.

सत्याऐंशी साल, नदीकाठचं मैदान,
त्र्याऐंशीवं मिनिट, शून्य-शून्य.
त्यानं शिट्टी फुंकली आणि लाल कार्ड
असं उंच धरलं, जसं काही आभाळाला दाखवायचंय.
मी त्या पोराला पाडलं नव्हतं.
निदान एवढं तरी नाही.
त्या काळी हा माणूस सगळ्या मैदानाला दम द्यायचा.
आता पाणीसुद्धा घट्ट करून, चमच्यानं पितो,
खोकायला जातो तर खोकला
अर्ध्या वाटेतून परततो.
मला आनंद व्हायला हवा होता.
तसा थोडा झालाही, पहिला आठवडाभर.

मग त्याच्या लेकीनं शिट्टी आणली. जुनी, पितळी,
दोरी काळी पडलेली.
तो फुंकायचा. आतला बूच हलायचाही नाही.
थुंकी, हवा, आणि त्याचा उजवा डोळा
खिडकीकडे वळलेला.
मी भिंतीकडे तोंड केलं.
दुसऱ्याचा असा प्रयत्न
चोरून बघू नये.

स्प्रिंग एक आटा घट्ट झाली. मग आणखी एक.
एका गुरुवारी दुपारी, सगळा मजला झोपलेला,
मी काठी टेकत न्हाणीघराकडे निघालो होतो.
मागून आली.
बारीक, चिरकी, जेमतेम शिट्टी म्हणावी इतकीच.

पाय जागच्या जागी थांबले.
मी विचारलंही नव्हतं त्यांना.
चांगला हात वर गेला,
मी काही केलं नाही सांगणारा.

वळलो. एल्बिओ बघत होता.
"सहा नंबर," म्हणाला.
म्हणजे त्यालाही माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

"नाही... पाडलं," मी म्हणालो.
माझ्या जिभेवर शब्द हल्ली एकेक करून येतात,
पायरी उतरणाऱ्या म्हाताऱ्यांसारखे.
"पाडलंस."
"नाही."
"गुडघा. मी. पाहिला."
"तू... पाठमोरा!"
"लाइनमन!"
"तो... तुझा... मेहुणा!"

इथं दोघांनाही धाप लागली.
तो उशीवर पडला, मी चौकटीला टेकलो,
दोघांच्या छात्या भात्यासारख्या वरखाली.
मिर्ना धावत आली. दम धरा, दम धरा, म्हणाली,
नाडी पाहिली, पुन्हा पाहिली,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.
संध्याकाळचे तीस माफ, एवढंच बोलली.

उद्या आणखी एक आटा.
मी रात्री पडून शब्द जुळवतोय,
एका श्वासात बसतील असे.
पहिल्या हाफमधला ऑफसाइड अजून निघालेलाच नाही.